वाळूच्या रंगाची बॅग

वारंगा फाट्यावर नांदेडकडून आलेल्या एसट्या थांबतात, तिथून जरा पुढं, पंक्चरवाल्याला लागून खाजा मियांचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, दोन शिलाई मशिनी, मागच्या बाजूला रेक्झिनचे ताके आणि खाली पाय ठेवायला जागा नाही इतके ताडपत्रीचे तुकडे. ट्रकच्या ताडपत्र्या सांधायच्या, ट्रॅक्टरच्या सीटा शिवायच्या, हळद वाळवायला लागणारी मेणकापडं जोडून द्यायची, हे त्यांचं काम. माणूस साठीकडे झुकलेला, अंगानं वाळका, बोलायला कमी. पण दुकानात कुठलीही वस्तू आली की पहिला प्रश्न ठरलेला.

"हे कुठून आणलं?"

गिऱ्हाइकं वैतागत. "चाचा, फाटलंय ते शिवा की. कुठून आणलं ते काहून पाहिजे तुमाला?" खाजा मिया ऐकून घेत, पण उत्तर मिळेपर्यंत सुईत दोरा ओवत नसत.

त्याला कारण होतं. तरणे असताना एका ड्रायव्हरनं त्यांच्याकडं एक चांगली दणकट ताडपत्री आणून दिली होती. मधून कापून दोन करा, कडेला नव्या रिंगा ठोका म्हणाला. त्यांनी करून दिलं. ताडपत्री कापसाच्या ट्रकवरून चोरलेली निघाली. ड्रायव्हर पसार झाला आणि पोलिसांनी खाजा मियांना नेऊन बसवलं. कुणी हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसतं बसवून ठेवलं. येणारा-जाणारा थांबून विचारी, "ह्यानं काय केलं?" आणि उत्तराची वाट न बघता मान हलवून पुढं जाई. संध्याकाळी सोडलं. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून ह्या माणसाच्या डोक्यात एक कुत्रं राखणीला बसलं. पान हललं की ते भुंकायचं.

संतराम हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. फाट्यापासून आत, कॅनॉलच्या बाजूला त्याचं गाव. जमीन बरी, हळद चांगली व्हायची. संतरामचा थोरला मुलगा सोमेश्वर बरीच वर्षं कुवेतकडं होता. तिथं वाळवंटात एका परदेशी फौजेचा तळ होता, त्या तळावरच्या लॉन्ड्रीत तो कपडे धुवायचा. त्या साली तळ गुंडाळला गेला आणि सोमेश्वर गावी परतला. त्याच्या मागोमाग कार्गोनं दोन मोठे खोके आले.

खोक्यांत काय आलं ते सगळ्या पंचक्रोशीला दोन-चार दिवसांत कळलं. वाळूच्या रंगाचे बूट, हातमोजे, पाण्याच्या पिशव्या पाठीला बांधायचे पट्टे, हेल्मेट, अंगात घालायचं खिशाखिशांचं जाकीट. सोमेश्वर ते जाकीट घालून बांधावर उभा राहिला, गॉगल लावला आणि मोबाइलवर व्हिडिओ टाकला. गावातली माणसं त्याला फौजी म्हणायला लागली. त्यानं 'मी कपडे धूत होतो' असं कधी सांगितलं नाही, आणि 'मी लढलो' असंही म्हणाला नाही. नुसतं हसायचा.

खाजा मियांनी तो व्हिडिओ बघितला, आणि त्यांना तो आवडला नाही. का आवडला नाही ते त्यांना सांगता आलं नसतं.

हळद शिजवायचे दिवस चालू होते. मेणकापडांचं काम तुंबलेलं. अशात एका दुपारी सोमेश्वर दुकानात आला. खांद्यावर वाळूच्या रंगाची लांबट बॅग. सोबत रणजीत नावाचा गडी. हा रणजीत हिंगोलीकडचा. पोलीस आणि मिलिटरीच्या भरतीला पोरं तयार करायची अकॅडमी काढतो म्हणून तो वर्षभर फिरत होता. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, बोलायला गोड.

"चाचा, सलाम," सोमेश्वर वाकला. "हे जाकीट बघा. अकॅडमीच्या पोरांसाठी असेच शिवून पाहिजेत. आन बॅगेतल्या सामानाचे दोन-तीन पट्टे उसवलेत, तेवढे टाचून द्या."

खाजा मियांनी जाकीट हातात घेतलं. नवारीसारखा जाड पट्टा, तिहेरी शिलाई, ओढलं तरी धागा हलत नव्हता. कापड बघून त्यांच्यातला शिंपी खूश झाला. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

"हे कुठून आणलं?"

"तळावरून, चाचा. फौज निघाली तवा म्हनले घ्या काय पाहिजे ते."

"इमानातून आणलं? कुनी अडवलं न्हाई?"

"कार्गोनं आलं. कपडे म्हनून."

"सगळे कपडेच होते का?"

सोमेश्वरनं उत्तर देण्याआधी रणजीतकडं बघितलं. अगदी डोळ्याचं पातं लवावं इतकंच. पण खाजा मियांनी ते टिपलं.

"कपडेच की," सोमेश्वर म्हणाला.

खाजा मियांनी जाकिटाच्या पुढच्या खिशात बोटं घातली. खिसा चपटा, अरुंद आणि खोल. "ह्यात काय ठेवायचं पोरांनी?"

"पाण्याची बाटली," रणजीत म्हणाला.

"ह्यात बाटली जाईल?"

"लहान बाटली, चाचा." रणजीत हसला. मग त्यानं खिशातून एक सुतळी काढली. "आजून एक काम. ह्या लांबीचं कव्हर पाहिजे. आतून मऊ, वरून पानी न शिरणारं. वरच्या अंगाला हितं जरा फुगीर ठेवा."

"कशाला घालायचं?"

"डमी रायफल हाय. लाकडाची. परेडला लागते."

"लाकडाला आतून मऊ काहून पाहिजे?"

रणजीतनं खाजा मियांच्या खांद्यावर थाप मारली. "चाचा, तुमी वकील व्हायला पाहिजे होते." दोघं हसत हसत मोटारसायकलवर बसून गेले. बॅग दुकानातच राहिली.

दुसऱ्या दिवशी हातातली मेणकापडं उरकल्यावर खाजा मियांनी बॅग ओढली. कुठले पट्टे उसवलेत ते बघायला सामान बाहेर काढलं. एक घडी केलेली चटई, दोन गुडघ्याच्या गाद्या, बंदूक गळ्यात अडकवायचा पट्टा, एक जाड लोकरी मोजा. मोजा उचलला तर हाताला जड लागला. त्यांनी तो उलटा केला.

आतून काळी नळी बाहेर आली. वीतभर लांब, दोन्ही टोकांना काच, वर फिरवायची दोन बटणं, खाली स्क्रूनं आवळायची पकड. त्यांना वाटलं दुर्बीण आहे. म्हणून चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती डोळ्याला लावली.

रस्त्यापलीकडं हरिचंदची चहाची टपरी होती. हरिचंद एकदम समोर येऊन उभा राहिल्यासारखा दिसला. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं, गाळणीतून पडणारी चहाची धार दिसली. आणि त्याच्या छातीवर, बरोबर मधोमध, एक बारीक काळी फुली होती. हरिचंद वळला. खाजा मियांचा हात नकळत त्याच्याबरोबर वळला आणि फुली पुन्हा त्याच्या छातीवर येऊन बसली.

त्यांनी नळी खाली टाकली. ती चिंध्यांवर पडली म्हणून वाजली नाही. ज्या माणसाचा चहा रोज प्यायचा त्याच्यावर आपण नेम धरला होता, असं त्यांना वाटत राहिलं. समोर हरिचंद गिऱ्हाइकांशी बोलत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

मदीनाबी डबा घेऊन आल्या तेव्हा खाजा मिया मशिनीवर नुसतेच बसले होते. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी डबा बाजूला ठेवला. खाजा मियांनी मोज्याचं तोंड जरासं उघडून दाखवलं. मदीनाबींनी एकदाच बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"क्या है जी ये?"

"बंदुकीवर बसवतात."

"हमना नक्को," मदीनाबी म्हणाल्या. "आज के आज वापस करो."

वापस करा म्हणणं सोपं होतं. खाजा मियांना जेवण गेलं नाही. सोमेश्वर बॅगेत ही वस्तू विसरला असेल का? विसरणाऱ्यानं मोज्यात घालून तळाला ठेवली नसती. मग मुद्दाम ठेवली का? मुद्दाम ठेवली असेल तर कशासाठी? आपण उघडणार हे त्यांना माहीत होतं. की उघडावी म्हणूनच दिली होती? आपल्या हाताचे ठसे त्यावर लागले, तेच पाहिजे होतं का कुणाला? त्यांनी फडक्यानं नळी पुसली. मग वाटलं, पुसली हेही वाईटच केलं. चोर पुसतात.

फाट्यावर एक पांढरी जीप येऊन थांबली. आतला माणूस खाली उतरला, दुकानाकडं बघत उभा राहिला. खाजा मियांनी बॅगेवर ताडपत्री ओढली. तो माणूस पंक्चरवाल्याकडं वळला, हवा भरून निघून गेला. नंतर एक अनोळखी पोरगा दप्तराची चेन बसवायला आला. खाजा मियांनी त्याला बाहेरूनच परत लावून दिलं. इतकी वर्षं ह्या रस्त्यावर बसून त्यांनी माणसं बघितली होती, पण त्या दुपारी दुकानासमोरून जाणारा एकही माणूस त्यांना सरळ चालताना दिसला नाही.

ऊन कलल्यावर रणजीत आला. एकटाच.

"चाचा, झालं का काम?"

"न्हाई झालं."

"बॅग उघडली व्हती का?"

"उघडल्याशिवाय पट्टे कसे बघणार?"

रणजीतची नजर दुकानात फिरली आणि ताडपत्रीच्या ढिगावर थांबली. "द्या मग तशीच. दुसरीकडं करून घेतो."

त्या क्षणी बॅग देऊन टाकली असती तर कटकट गेली असती. खाजा मियांना नंतर पुष्कळ जणांनी हेच विचारलं, की दिली का नाही? पण त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं. हा एकटा का आला? सोमेश्वरला न सांगता आला का? उद्या सोमेश्वर म्हणाला, चाचा माझी बॅग, तर काय दाखवणार?

"ज्यानं दिली त्याच्याच हातात देईन," ते म्हणाले.

"आमी एकच हाव की."

"मंग त्याला घेऊन ये."

रणजीतच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते तिथंच वाळल्यासारखं झालं. तो खाली वाकला. आवाज हळू केला. "चाचा, सामान तुमच्या दुकानात पडून हाय. उद्या कुनी येऊन बघितलं तर सोमेश्वरच्या बापाचं नाव घेतील का तुमचं? इचार करा." आणि तो रस्ता ओलांडून हरिचंदच्या टपरीवर जाऊन बसला. चहा घेतला आणि दुकानाकडं तोंड करून निवांत पीत राहिला.

ठाण्यावर जावं? एकट्यानं, ही बॅग घेऊन? 'माझ्याकडं आणून दिली' असं सांगायचं आणि आणून देणाऱ्यानं 'मी नाही' म्हटलं की संपलं. त्यांनी मदीनाबींना घरी पाठवलं. रणजीत टपरीवरून उठून गेला तशी बॅग हळद भरायच्या पोत्यात घातली, पोतं लुनाच्या पुढ्यात बांधलं, दुकानाला कुलूप घातलं आणि संतरामच्या गावाचा रस्ता धरला.

तो रस्ता त्यांच्या पायाखालचा. ईदचा शिरखुर्मा घेऊन ते ह्याच रस्त्यानं जात, संतरामच्या घरची पुरणपोळी घेऊन ह्याच रस्त्यानं परत येत. पण त्या दिवशी लुना चालवताना त्यांना प्रत्येक मोटारसायकल मागावर असल्यासारखी वाटत होती. कॅनॉलच्या पुलावर समोरून पोलिसांची गाडी आली. खाजा मियांनी लुना बाजूला घेतली, इतकी की चाक मुरमात रुतलं. गाडी हळू झाली. आतल्या शिपायानं हात वर केला. अडवायला नव्हे, ओळखीचा म्हणून. मागच्याच महिन्यात त्यांनी त्याच गाडीची सीट शिवली होती. गाडी गेली, तेव्हा ते उतरले, चाक मुरमातून ओढून काढलं आणि पुढं निघाले.

संतरामच्या शेतात हळद शिजत होती. लोखंडी ड्रममधून वाफ निघत होती, सगळ्या रानाला ओल्या मातीचा आणि कडवट हळदीचा वास. संतरामनं दोस्ताला बघितलं आणि हाक मारली, "ये रे खाजा! मेणकापडं आनली का?"

"जरा बाजूला चल."

आंब्याखाली नेऊन खाजा मियांनी पोतं सोडलं, मोजा काढला, नळी दाखवली आणि जे जसं झालं ते तसं सांगितलं. फुलीचं मात्र सांगितलं नाही.

संतराम ऐकता ऐकता लाल झाला. "म्हंजे तुला काय म्हनायचंय? माझं पोरगं काय अतिरेकी हाय?"

"मी असं कुठं म्हनलो?"

"दुर्बीण हाय ती! फौजेत असतात असल्या. तुला सवयच हाय खाजा. दुधात पानी हाय का, दोरीत गाठ हाय का. माझ्या लेकरावर संशव घ्यायला तुझी जीभ कशी रेटली?"

"संशव न्हाई. इचारायला आलो. त्याला बोलाव."

"न्हाई बोलावत. शिवायचं नसंल तर ठेव हितं आन जा."

मजूर बघायला लागले होते. खाजा मिया उठले. पोतं तिथंच ठेवून निघाले असते तर त्यांचं काम झालं होतं. पण चार पावलं गेल्यावर ते थांबले. आपण गेल्यावर संतराम ही वस्तू घरात नेऊन ठेवणार, हे त्यांना दिसलं. मग बाप आणि पोरगा दोघंही अडकणार. ते मागं वळले.

"संतराम, मला तुज्या पोराची भीती न्हाई. त्याच्यासोबत जो हाय, त्यानं मला आज धमकी दिली. एवढं तरी इचार त्याला."

सोमेश्वर त्याच वेळी पाण्याचा पाइप घेऊन बांधावरून येत होता. आंब्याखाली दोघं, मधे उघडी बॅग आणि बापाच्या हातात काळी नळी. ते बघून तो जागीच थांबला. पाइप हातातून सुटला, पाणी पायावर वाहत राहिलं. संतरामनं पोराचा चेहरा बघितला आणि त्याचा राग कुठल्या कुठं गेला. राग गेल्यावर माणूस किती म्हातारा दिसतो, ते खाजा मियांना तेव्हा दिसलं.

"बोल," संतराम म्हणाला.

सोमेश्वर बोलला. तळ गुंडाळताना शेवटचे कपडे धुवायला आले होते. कपड्यांचे धनी निघून गेलेले. एका जाकिटाच्या आत ही नळी सापडली. जमा करायला पाहिजे होती. कळत होतं. पण ठेवून घेतली. सुटी करून भाताच्या कुकरच्या पोटात बसवली आणि खोक्यात घातली. फोनवर रणजीतला सांगितलं, तो उडालाच. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला एक शेतकरी होता, अकॅडमीला मैदान देतो म्हणत होता. त्याला शिकारीचा नाद. बिनपरवान्याची बंदूक होती. त्यानं रणजीतला म्हटलं होतं, असली दुर्बीण मिळाली तर मैदान तुझं.

"शिकार कशाची?" संतरामनं विचारलं.

"रोही, हरीण... रानडुकरं."

"आन कव्हर त्याच बंदुकीचं," खाजा मिया म्हणाले.

सोमेश्वरनं मान हलवली.

"मंग माझ्या दुकानात काहून आनली? तुज्या घरात कपाट न्हाई?"

सोमेश्वर खाली बघत म्हणाला, "रणजीत म्हनला, कार्गोची चौकशी आली तर घरात सापडू नये. चाचाच्या दुकानात चिंध्यांचा ढीग असतो, आन हळदीच्या कामात ते बॅगेला लवकर हात लावनार न्हाईत. कोन बघतंय."

"आन कुनी बघितलं असतं तर?"

हा पोरगा लहान असताना खाजा मियांच्या मशिनीखाली बसून चिंध्यांचे चेंडू करायचा. खाजा मियांचं सगळं आयुष्य लोकांवर संशय घेण्यात गेलं होतं. बहुतेक वेळा तो संशय खोटा निघायचा आणि माणूस बरा निघाला म्हणून त्यांना आतून सुटल्यासारखं व्हायचं. ह्या वेळी खरा निघाला, आणि सुटल्यासारखं काही झालं नाही.

"मी आत्ता सिद्धेश्वरला जातो," सोमेश्वर घाईघाईनं म्हणाला. "धरनात फेकून येतो. कुनाला कळनार न्हाई."

संतरामनं खाजा मियांकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती. दोस्ता, हो म्हण. खाजा मियांना ती स्पष्ट कळली. हो म्हणावंसंही वाटलं. खोल पाणी, एक डबकन आवाज, संपलं.

"फेकली तर वस्तू जाईल," ते म्हणाले. "पन रणजीतला म्हाईत हाय. त्या शिकाऱ्याला म्हाईत हाय. उद्या तिकडं बंदूक सापडली आन रणजीतनं माझं नाव सांगितलं, तर मी काय दाखवू? पान्याकडं बोट दाखवू?"

शिजलेली हळद ड्रममधून खाली ओतल्याचा आवाज आला. मग संतराम उठला, पंचा झटकला आणि बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"गाडी काढ," तो पोराला म्हणाला.

ठाण्यावर साहेबांनी टेबलावर मांडलेलं सामान बघितलं, नळी हातात फिरवली आणि तिघांवरून नजर फिरवून ती खाजा मियांवर आणून थांबवली. "तुझ्याकडं कधीपासून होतं हे?"

खाजा मिया सांगायला लागणार, तेवढ्यात संतरामनं हात वर केला.

"साहेब," संतराम पुढं झाला, "आधी माझं नाव लिव्हा. पोरगं माझं हाय, खोकी माझ्या घरी आली. ह्यानं बघितलं आन मला सांगायला आला. मी त्याला हाकलून देत व्हतो, तरी गेला न्हाई."

साहेबांनी लिहून घेतलं. पण विचारायचं थांबले नाहीत. बॅग उघडली का? का उघडली? नळीतून बघितलं का? पुसली कशाला? आधी कुणाकुणाचं असं सामान शिवलंय? खाजा मियांनी सगळं खरं सांगितलं, नळी पुसल्याचंही. खरं सांगतानासुद्धा आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटत होतं.

सकाळी पोलीस दुकानात आले. ताके सोडून बघितले, चिंध्यांचा ढीग उपसला, मशिनीचे खण काढले. रस्त्यावर गर्दी जमली. काही सापडलं नाही, पण गर्दीनं जे बघायचं ते बघून घेतलं. त्यानंतर काही दिवस गिऱ्हाइकं पंक्चरवाल्यापर्यंत येत आणि परत जात. हरिचंदला हात केला की चहा यायचा, तो बंद झाला. खाजा मियांनी मागवला नाही. त्यांना हरिचंदकडं बघायचं धाडसच होत नव्हतं, त्याचं कारण हरिचंदला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, चाचाच आपल्यावर रुसलेत. शेवटी तोच एका सकाळी ग्लास घेऊन रस्ता ओलांडून आला. "काहून, माझा चहा कडू झाला का?" खाजा मियांनी ग्लास घेतला आणि दोन्ही हातांनी धरून प्यायले.

रणजीतनं आधी कानावर हात ठेवले. ते सामान चाचाचंच, फाट्यावर नाही नाही ते येतं, असंही सांगून बघितलं. पण पोलीस आणि वनखात्याचे लोक धरणाकडच्या त्या शेतावर गेले तेव्हा पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बंदूक सापडली. तिच्या वरच्या अंगाला ही दुर्बीण बसवायला नुकतीच घासलेली जागा होती. शिकाऱ्यानं रणजीतचं नाव घेतलं आणि मग त्याचं बोलणं टिकलं नाही. सोमेश्वरवर कस्टमची केस झाली. पासपोर्ट जमा झाला. बूट, हेल्मेट, जाकीट सगळं गेलं. तो पुन्हा बाहेरदेशी जाऊ शकला नाही. वसमतला एका लॉजच्या चादरी धुवायच्या कामावर लागला. गावात त्याला आता कुणी फौजी म्हणत नाही. लॉन्ड्रीतलं काम त्याला चांगलं येतं असं मात्र लॉजवाले सांगतात.

त्यानंतरच्या मे महिन्यात सोमेश्वरची धाकटी बहीण प्रियंका हिचं लग्न निघालं. संतराम स्वतः दुकानात आमंत्रण द्यायला आला. दोघं इकडचं-तिकडचं बोलले. हळदीचा भाव, मदीनाबींचे गुडघे. त्या दिवसाबद्दल कुणी काही काढलं नाही.

खाजा मिया आणि मदीनाबी लग्नाला गेले. पंगतीत सोमेश्वर वाढत होता. खाजा मियांपुढं आला, क्षणभर थांबला, मग भात वाढला, वरण वाढलं. "चाचा, तूप?" एवढंच म्हणाला. खाजा मियांनी ताट थोडं पुढं केलं. पोरानं तुपाची धार सोडली, बरीच जास्त सोडली, आणि पुढच्या पानाकडं गेला.

खाजा मिया जेवत होते आणि मांडवाच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या संतरामकडं बघत होते. एक गोष्ट त्यांना आजही सतावते. ते संतरामकडं गेले नसते आणि पोलीसच आधी दुकानात आले असते, तर 'आधी माझं नाव लिव्हा' असं संतराम म्हणाला असता का? बहुतेक म्हणाला असता. बहुतेक. हे विचारावं असं त्यांच्या मनात बऱ्याचदा येतं, संतराम समोर बसलेला असतो, विषयही जवळ येतो. पण ते विचारत नाहीत.